परवाना आणि पुरुषार्थ : एका फिरत्या इंजिनाची हकीकत

नीरा नदीच्या उत्तरेस इंदापूर आणि दक्षिणेस माळशिरस अशी दोन तालुक्यांची शीव पडलेली आहे; आणि भाटघरचे धरण १९२८ साली पुरे होऊन तिच्या दोन्ही काठांच्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळू लागल्यावर, ज्या मुलखाची सरकारी दप्तरातील ओळख प्रायः तगाईच्या आणि सारामाफीच्या अर्जांपुरतीच होती, त्या मुलखात उसाचे फड आणि मागोमाग साखरेचे कारखाने उभे राहिले. दक्षिण काठावर सासवडहून आलेल्या माळी बागाइतदारांनी १९३२ साली आपली स्वतःची कंपनी स्थापून माळीनगर वसविले. उत्तर काठावर, कळंबच्या माळावर, सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी वालचंदनगर उभारले. परमुलखातून यंत्र मागवावे, ते उभे करावे, बिघडले की आपल्याच लेथवर त्याचा सुटा भाग कातून घ्यावा आणि दोन-चार हंगाम लोटल्यावर मूळ नकाशात नसलेली एखादी दुरुस्ती त्यात करून मोकळे व्हावे, हा कारखान्यांतील मिस्त्रींचा शिरस्ता या टापूच्या अंगवळणी पडला तो तेव्हापासून.

अशा या टापूत बसून जपानातील एका क्रीडामोटारीची हकीकत सांगू जाणे वरकरणी विक्षिप्तपणाचे वाटेल. माझदा आरएक्स-७ ही दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची मोटार भारतात कधी रीतसर विकली गेली नाही. तीन वर्षांहून जुनी मोटार सर्वसाधारण आयातदारास आणता येत नाही असा आपला आयातीचा नियम असल्याने, आणि तिचे उत्पादन २००२ सालीच संपल्याने, ती येथे विकत आणून बाळगण्याचा मार्गही जवळजवळ बंद आहे. तथापि तिच्या इतिहासात जो प्रश्न अनुस्यूत आहे तो आपल्याही घरचा आहे. यंत्र कोणाचे, ज्याने त्याची कल्पना केली त्याचे, ज्याने परवान्याची रक्कम भरून त्याचे नकाशे घेतले त्याचे, की ज्याने त्यातील दोष आपले मानून ते निस्तरले त्याचे, हा तो प्रश्न होय.

वालचंदांनी मोटारीचा ध्यास घेतला तो साखरेत स्थिरावल्यानंतर. मुंबईत मोटारींचा कारखाना काढावा ही योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तिशीच्या दशकातच मांडलेली होती आणि वालचंद तिचे कट्टर पुरस्कर्ते झाले. परंतु परकीय सरकारला या देशात बोटी, विमाने अथवा मोटारी निर्माण होण्याची निकड कधीच भासली नाही, आणि युद्धाचे निमित्त पुढे करून त्या योजनेची बोळवण करण्यात आली. अखेर १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करारनामा झाला, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीचा परवाना आला. १९५३ च्या एप्रिल महिन्यात वालचंदांचे देहावसान झाले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून, नुसती जोडणी करणाऱ्या विदेशी कंपन्यांना येथून गाशा गुंडाळावा लागला आणि देशी कारखान्यांना संरक्षित बाजारपेठ मिळाली. एका पिढीने ज्यासाठी झगडा केला ते संरक्षण असे पदरी पडले; त्याचा विनियोग कसा झाला हे पुढे पाहू.

त्या जपानी मोटारीच्या फिरत्या इंजिनाचे मूळ मात्र जपानात नव्हे, जर्मनीत आहे. फेलिक्स वांकेल हा १९०२ साली लाहर येथे जन्मलेला गृहस्थ विद्यापीठाची पायरी न चढलेला, दृष्टीने अधू आणि राजकारणात नाझी पक्षाच्या वळचणीला गेलेला होता; त्याच्या चारित्र्याचा हा भाग त्याच्या कीर्तीच्या प्रकाशात झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९२९ साली त्याने फिरत्या इंजिनाचे पहिले पेटंट घेतले, १९५१ साली नेकारसुल्म येथील एनएसयू या कंपनीशी त्याचा संबंध जुळला, आणि १९५७ च्या १ फेब्रुवारीस त्याचे पहिले इंजिन प्रत्यक्ष चालले. त्यात बाहेरचे कवच आणि आतला फिरता भाग ही दोन्ही फिरत असत. व्यवहाराला सोयीची अशी स्थिर कवचाची रचना हान्स डिटर पाश्के या एनएसयूच्या अभियंत्याने सिद्ध केली. म्हणजे जन्मापासूनच हे यंत्र एकाने कल्पावे आणि दुसऱ्याने बदलावे असे त्याच्या प्राक्तनात लिहिलेले होते.

नित्याच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये वर जातो, क्षणभर थांबतो आणि उलट दिशेने परततो; दर मिनिटाला हजारो वेळा थांबण्यात आणि परतण्यात त्याची शक्ती खर्ची पडते आणि त्यामुळेच थरथर उत्पन्न होते. वांकेलच्या इंजिनात दट्ट्या नाही, झडपा नाहीत. दोन वर्तुळे किंचित एकमेकांत शिरावीत तशा आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरत असतो, आणि त्याच्या तीन बाजूंच्या तीन पोकळ्यांत हवा-पेट्रोल घेणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कर्मे एकाच वेळी, आपापल्या जागी, अव्याहत चाललेली असतात. माउलींची पालखी नातेपुतेहून माळशिरसकडे येताना पुरंदवड्याला गोल रिंगण होते. त्यात धावणारा अश्व जसा मागे न वळता फेऱ्यावर फेरा घेतो, तशी ही गती परतीवाचून चालणारी आहे. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधला दांडा तीन फेरे घेतो. परिणामी आकाराने लहान, वजनाने हलके, गतीला अधीर आणि कमालीचे निष्कंप असे हे इंजिन होते, आणि जगातील मोटार कारखानदारांनी त्याच्या परवान्यासाठी रीघ लावली ती काही उगाच नव्हे.

परवाना घेणाऱ्यांची नामावली मोठी आहे. तडीस नेणाऱ्यांची फार छोटी. अमेरिकेच्या कर्टिस-राइट कंपनीने १९५८ सालीच हक्क घेतले. जनरल मोटर्सने १९७० साली मोठी रक्कम मोजली आणि चार वर्षांत बेत गुंडाळला. फ्रान्सच्या सित्रोएनने १९७३ साली अशी एक गाडी काढली ती नेमकी तेलाच्या दुर्भिक्षाच्या तोंडावर. खुद्द एनएसयूची रो ८० ही मोटार १९६७ साली अवतरली तेव्हा जाणत्यांनी तिला वर्षातील सर्वोत्तम मोटारीचा मान दिला. पण तिची इंजिने अपेक्षेहून फार लवकर निकामी होऊ लागली, हमीपोटी ती फुकट बदलून देता देता कंपनीचा कणा मोडला आणि १९६९ साली ती फोक्सवागेनच्या परिवारात विलीन झाली.

व्याधीचे मूळ रोटरच्या तीन टोकांत होते. या टोकांना खाचेत बसविलेल्या पातळ पट्ट्या, ज्यांना एपेक्स सील म्हणतात, कवचाच्या आतल्या भिंतीला अखंड घासत फिरतात. त्या नीट टेकल्या नाहीत तर एका पोकळीचा दाब दुसरीत गळतो, आणि फार कंप पावल्या तर भिंतीवर ओरखडे उठवितात. हे ओरखडे हिरोशिमातील अभियंत्यांनी पाहिले तेव्हा त्यांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे व्रण’ असे नाव दिले.

हिरोशिमा हे नाव उच्चारताच १९४५ च्या ६ ऑगस्टचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तोयो कोग्यो, म्हणजेच पुढची माझदा, ही कंपनी त्या शहरात १९२० साली बुचाच्या उत्पादनासाठी निघाली, जुजिरो मात्सुदा या कर्तबगार गृहस्थाच्या हाती येऊन यंत्रांकडे वळली, आणि १९३१ पासून तीनचाकी मालगाड्या करू लागली. अणुबाँब पडला तेव्हा शहर आणि कारखाना यांच्या मध्ये हिजियामा ही टेकडी आड आल्यामुळे कारखाना बहुतांशी बचावला आणि उद्ध्वस्त प्रांताच्या सरकारी कचेऱ्या काही काळ त्याच्याच छपराखाली चालल्या. अशा कंपनीला १९६० च्या सुमारास निराळ्याच संकटाने गाठले. आयात खुली होण्यापूर्वी देशातील लहानसहान कारखाने मोठ्यांत मिसळून टाकावेत असा विचार टोकिओच्या व्यापार-उद्योग मंत्रालयात बळावला होता. स्वतंत्र अस्तित्व राखायचे तर इतर कोणापाशी नाही असे काही आपल्यापाशी हवे, हे ओळखून जुजिरोंचे चिरंजीव त्सुनेजी मात्सुदा यांनी जर्मनी गाठली. एनएसयूशी करारनामा झाला, १९६१ साली सरकारची मंजुरी मिळाली, आणि सुमारे २८ कोटी येन एवढी जबर रक्कम परवान्यापोटी मोजण्यात आली.

येथवरची कथा वालचंदांच्या कथेहून फारशी भिन्न नाही. दोन्हीकडे परकीय नकाशे, दोन्हीकडे सरकारची मर्जी, दोन्हीकडे एका पुरुषाची ईर्षा. भेद पडला तो नकाशे घरी आल्यानंतर.

१९६३ च्या एप्रिलमध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली स्वतंत्र संशोधन विभाग निघाला. त्यातील ४७ अभियंत्यांना अको संस्थानच्या त्या ४७ निष्ठावंत सामुरायांचे नाव पडले, ज्यांनी आपल्या मृत धन्याच्या अपमानाचे उट्टे काढण्यासाठी अठराव्या शतकाच्या आरंभी सुमारे पावणेदोन वर्षांची प्रतीक्षा केली होती. या मंडळींनी सीलसाठी एकामागून एक द्रव्ये पारखून पाहिली. सील आतून पोकळ केली तर तिची कंपनसंख्या पालटते आणि व्रण उठत नाहीत, हा पहिला मोठा शोध; निप्पॉन कार्बन या कंपनीच्या साह्याने कार्बन आणि ॲल्युमिनिअम यांचा संयोग करून स्वतःला झिजविणारी पण भिंत राखणारी सील बनविली, हा दुसरा. तेल जळून पांढरा धूर निघे, त्यासाठी तेलाच्या सीलांची नवी घडण केली. असे हे दुरुस्त झालेले, दोन रोटरांचे, ९८२ घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन १९६७ च्या ३० मे रोजी कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आली. १९७२ पर्यंत तिच्या अवघ्या ११७६ गाड्या निघाल्या. परंतु १९६८ साली नुर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत तिने चौथा क्रमांक मिळविला, आणि ज्या देशाने हे इंजिन जन्माला घातले त्याच देशाच्या भूमीवर ते टिकाऊ होऊ शकते हे सिद्ध झाले.

परंतु टिकाऊपणाबरोबर मितव्यय आलेला नव्हता. पोकळीचा आकार लांबट आणि चपटा असल्यामुळे ज्वलन पुरते होत नसे आणि पेट्रोल फार लागे. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली. अमेरिकेच्या पर्यावरण-रक्षण संस्थेच्या शहरी चाचणीत माझदाची गाडी गॅलनला दहा-अकरा मैलांवर चालत नाही असे प्रसिद्ध झाले, आणि खप कोसळला. सुमितोमो बँकेने पाठीशी उभे राहून कंपनी वाचविली. कारखान्यातील कामगारांना गाड्या विकण्यासाठी दुकानोदुकानी धाडण्यात आले. जनरल मोटर्सने परवाना फडताळात ठेवून दिला तो याच सुमारास. यामामोतोंनी मात्र पेट्रोलचा खर्च चाळीस टक्क्यांनी उतरविण्याचा संकल्प सोडला, त्याला फिनिक्स या राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले आणि तो पार पाडला. पुढे हेच गृहस्थ १९८४ साली कंपनीचे अध्यक्ष झाले.

या संकल्पाचे फळ म्हणजे १९७८ च्या मार्चमध्ये अवतरलेली आरएक्स-७. इंजिन इतके आटोपशीर की ते पुढच्या आसाच्या मागे, गाडीच्या मध्याकडे सरकवून बसविता आले. त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांवर भार जवळपास समान पडे आणि वळणावर ती मन ओळखून वळे. १९८५ साली तिची दुसरी पिढी आली आणि १९९१ साली तिसरी, जिच्या १३०८ घनसेंटिमीटरच्या इंजिनावर एकापाठोपाठ एक जागे होणारे दोन टर्बो बसविलेले होते. आरंभी २५५ अश्वशक्ती, १९९९ पर्यंत २८०. त्यापलीकडे जाहीर करायची नाही असा जपानी कारखानदारांचा आपसातला अलिखित संकेतच होता. याच १९९१ सालच्या २३ जून रोजी ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चार रोटरांच्या माझदा ७८७बी ने ३६२ फेऱ्या पुऱ्या करून पहिला क्रमांक पटकावला. जपानी कारखान्याचा तो तेथील पहिला विजय. दट्ट्या नसलेल्या इंजिनाचा आजवरचा एकमेव.

तिन्ही पिढ्या मिळून आठ लाखांवर आरएक्स-७ निघाल्या आणि त्या ज्यांच्या घरी गेल्या त्यांच्यावर एक विलक्षण जबाबदारी येऊन पडली. हे इंजिन सील ओली राहावी म्हणून आपले तेल मुद्दाम थोडे थोडे जाळते. म्हणून पेट्रोल भरताना प्रत्येक खेपेस तेल पाहणे हा मालकाचा नित्यनेम होतो. थंड इंजिन सुरू करून गाडी हातभर सरकविली आणि लगेच बंद केली तर आत पेट्रोल साचून ते पुन्हा सुरू होण्यास नकार देते. दर रोटरला दोन प्लग, ते पुढे-मागे पेटणारे. साध्या इंजिनाचे कॉम्प्रेशन मोजणारे यंत्र येथे अपुरे पडते, कारण रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब निरनिराळा नोंदावा लागतो, आणि जुनी गाडी घेणारा जाणता गिऱ्हाईक रंग-पत्रा पाहण्याआधी हीच नोंद मागतो.

मग येतो फेरबदलाचा अध्याय. तिसऱ्या पिढीच्या दोन टर्बोंचे नियमन करणाऱ्या निर्वाताच्या नळ्यांचे जंजाळ उष्णतेने कडक होऊन तडकते. म्हणून पुष्कळ मालक ते सारे काढून एकच मोठा टर्बो बसवितात. त्यापूर्वी मोठा रेडिएटर, मोठा इंटरकूलर आणि तेल थंड करण्याची वाढीव सोय करावी लागते, कारण उष्णता हा या इंजिनाचा जातिवंत शत्रू आहे. हवा आत घेणारी द्वारे कवचाच्या भिंतीत कोरलेली असल्याने हातात कोरणी घेऊन ती रुंद करणे एवढ्यानेच इंजिनाचा स्वभाव पालटतो : थोडे रुंदविले तर रस्त्यावर चालेल असा जोम येतो, सीलच्या मार्गातच पूल ठेवून नवे द्वार पाडले तर संथ गतीवर इंजिन अडखळत गुरगुरते आणि वरच्या गतीवर बेफाम होते. पेट्रोल कमी पडून अवेळी स्फोट झाला तर मात्र सीलचा क्षणार्धात तुकडा पडतो, तो टर्बोच्या पात्यांतून जातो, आणि सगळ्या हौसेचा हिशेब एका घटकेत पुरा होतो. म्हणून काही जण पेट्रोलमध्येच थोडे टू-स्ट्रोकचे तेल मिसळतात. टोकिओच्या परिसरात इसामी आमेमिया यांनी सत्तरीच्या दशकापासून केवळ याच इंजिनाच्या फेरबदलात हयात घालविली. कॅलिफोर्नियातील रेसिंग बीट या कार्यशाळेने १९८६ साली बॉनव्हिलच्या मिठागरावर दुसऱ्या पिढीची आरएक्स-७ ताशी २३८ मैलांवर नेली.

या मंडळींत एक जुना तंटा आहे. हे फिरते, म्हणजे रोटरी, इंजिन काढून त्याच्या जागी अमेरिकन आठ सिलिंडरी इंजिन घालणे कोणी शहाणपणाचे मानतो, तर कोणी धर्मांतराइतके गंभीर. दोन्ही पक्षांना आपापली बाजू आहे. पण फेरबदलाचे दोन प्रकार त्यातून स्पष्ट होतात. एक, मूळ दोष टाळून पलीकडे जाण्याचा. दुसरा, दोषाशीच झुंजून यंत्र पुढे नेण्याचा. यामामोतोंच्या ४७ जणांनी जे केले ते दुसऱ्या प्रकारचे होते, आणि घरच्या गॅरेजमध्ये रात्र जागवून सील पारखणारा मालक नकळत त्यांच्याच परंपरेत बसतो.

आता आपल्या परवान्याकडे वळू. १९६४ च्या सुमारास आलेली फियाट ११०० डी पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली आणि स्थूलमानाने तीच रचना शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला तो २०२३ च्या ऑक्टोबरअखेर. कुर्ल्यात बुद्धी नव्हती असे नव्हे. परंतु किती गाड्या काढाव्यात, कोणता भाग बाहेरून आणावा, याचा निर्णय दिल्लीच्या कचेरीत होत असे. आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठत असताना सुधारणेची निकड कारखानदारास तरी का भासावी? जपानी मंत्रालयाने तोयो कोग्योला गिळंकृत होण्याचे भय दाखविले आणि त्या भयातून पुरुषार्थ उपजला. आपल्या सरकारने अभय दिले आणि त्या अभयात नकाशे पिवळे पडले. येथे यंत्रात जे काही बदलले ते गॅरेजमधील मिस्त्रींनी बदलले, गाडी चालती ठेवण्यासाठी.

त्या मिस्त्रीच्या हातावर आता कायद्याची नजर आहे. माळशिरस तालुक्यात अकलूजला परिवहन कार्यालय झाल्यापासून येथील गाड्यांवर एमएच-४५ ही मुद्रा असते, आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी गाडी जुळलीच पाहिजे असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा दंडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निवाड्यात, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येणार नाही, असे बजावले. रस्त्यावरच्या निरपराध माणसाचा जीव हा या निवाड्यामागचा हेतू आहे आणि त्याची योग्यता नाकारण्यात अर्थ नाही. कर्कश आवाजासाठी सायलेन्सर कापणाऱ्या उनाडाला पुरुषार्थी म्हणण्याचीही कोणाची इच्छा नसावी.

परंतु याच प्रश्नाचे उत्तर जपानने निराळे दिले. तेथे १९९५ साली फेरबदलाचे नियम शिथिल झाले. गाडीच्या घडणीत मोठा बदल केला तर ती तपासणीस न्यावी, अधिकाऱ्याने बदललेली गाडी प्रत्यक्ष मोजून, तोलून, धूर आणि ब्रेक पाहून पसंत करावी, आणि मग तोच नवा तपशील तिच्या दस्तऐवजात चढवावा अशी रीत तेथे आहे. रोटरी इंजिनाचा कर आकारताना त्याची क्षमता दीडपट धरावी, असा बारकावाही त्यांच्या नियमांनी सांभाळलेला आहे. म्हणजे राज्यसत्ता डोळे मिटून घेत नाही. ती यंत्र जाणून घेते आणि मग निर्णय देते. आपल्याकडे अशी तपासणी करावयाची तर परिवहन कार्यालयांना यंत्रे हवीत, जाणते निरीक्षक हवेत, आणि चुकीच्या फेरबदलाला कठोर शिक्षाही हवी. ‘मनाई’ हा शेरा मारण्यापेक्षा हे खर्चाचे आणि कष्टाचे आहे यात संशय नाही. तरीही तो खर्च करण्याजोगा आहे. एनएसयूचा नकाशा होता तसाच पवित्र मानला असता, तर वांकेलचे इंजिन १९७७ साली रो ८० बंद पडली तेव्हाच मोटारीतून संपले असते. २०२३ साली माझदाने तेच इंजिन, एका रोटरचे, विजेच्या मोटारीची बॅटरी भरण्यासाठी पुन्हा बाजारात आणले, ते साठ वर्षे त्यात हात घालण्याची मुभा आणि हिंमत लोकांना होती म्हणून.